वरच्या कप्प्यातलं विरजण

लातूरला मी ज्या काकूंच्या घरी भाड्यानं राहिलो, त्यांनी खोली दाखवायच्या आधी मला फ्रिज दाखवला. स्वयंपाकघरात उभं करून दार उघडलं आणि म्हणाल्या, "हे बगा सर, खालचे कप्पे तुमचे बी आणि माझे बी. दूध ठिवा, दही ठिवा, काय बी ठिवा. वरच्या कप्प्याला हात लावायचा न्हाई. तिथं जित्राब हाय."

आता मी हिमायतनगरचा माणूस. आमच्याकडं जित्राब म्हणजे बैल, म्हैस, फार तर शेळी. यातलं काहीही फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मावत नाही. वाकून पाहिलं तर ओल्या दस्तीत, म्हणजे रुमालात, गुंडाळलेली काळ्या पुडीची पाकिटं शेजारी शेजारी निजवलेली. "भुईमुगाचं जित्राब," काकूंनी खुलासा केला, आणि गारवा बाहेर जातो म्हणून माझ्या नाकासमोर दार लावून घेतलं.

पुढं हळूहळू कळलं ते असं. भुईमुगाच्या मुळांत काही जंतू घर करतात. मुळावर बारीक गाठी येतात, त्या गाठीत बसून ते हवेतला नत्र ओढतात आणि झाडाला खाऊ घालतात. झाड त्यांना साखर देतं. जमिनीत हे जंतू नसले तर बाहेरून आणून सोडायचे. गुळाच्या पाण्यात ती काळी पूड कालवायची, बियाण्याला हलक्या हातानं चोळायची, सावलीत सुकवायची आणि लगोलग पेरायची. ऊन लागलं की जंतू गेले. मुरुडच्या अलीकडं काकूंचं शेत होतं आणि त्यात दरसाल भुईमूग असायचाच. यजमान सरकारी नोकरीत होते, ते वारले. मुलगा पुण्याला स्थायिक झाला. त्यामुळं काकूंची सगळी माया त्या वरच्या कप्प्यात जाऊन बसली होती.

कृषी खात्याची माणसं या पुडीला लांबलचक नावानं हाक मारायची. काकू म्हणायच्या, विरजण. "दुधाला लागतंय तसंच रानाला लागतंय. विरजण न्हाई लावलं तर बसा नुसतं दूध तापवत." आणि एकदा विरजण म्हटल्यावर विरजणाचे सगळे कायदे लागू. दिवे लागल्यावर कुणाला द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही. मागायला आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही. भांडं रिकामं परत करायचं नाही. फ्रिजजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, हाही एक कायदा होता. तो दह्याचा की जंतूंचा, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

एकदा भर वैशाखात सबंध दुपार लाइट गेली. मी क्लासमधून घामानं निथळत आलो आणि माठाला हात घातला तर काकू ओरडल्या, "माठाला शिवू नका! जित्राब आत हाय." सगळी पाकिटं एका डब्यात घालून डबा माठात सोडलेला. मला गच्चीवरच्या टाकीचं पाणी मिळालं, चहा करायच्या लायकीचं.

"अहो काकू, जंतूंना गार आणि माणसाला कढत?"

"तुमी मरत न्हाई सर," त्या म्हणाल्या. मी चहाचं आधण ठेवलं.

त्यांचा दुसरा विषय युरिया. भुईमुगाला फुकटचा युरिया घातला की मुळावरचे जंतू हात आखडून बसतात, गाठीच धरत नाहीत, हे त्यांना कुठल्याशा मेळाव्यात कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंही आहे. पण काकूंनी ते तिथंच ठेवलं नाही, ते सगळ्या जगाला लावलं. शेजारच्यांनी सुनेला धुण्याचं मशीन घेतलं, की "युरिया". नातवाला पुण्यात चालत जायच्या शाळेला गाडी लावली, की "युरिया". एखादा माणूस फारच गुळगुळीत, गोरागोमटा दिसला तर त्याच्याकडं बघून म्हणायच्या, "पाला लई हाय. खाली शेंग न्हाई."

आणि मी तर लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. गावोगावची पोरं डबे-गाद्या घेऊन या शहरात येतात, आम्ही त्यांना गणितं सोडवून देतो, नोट्स देतो, प्रश्नही आम्हीच काढतो आणि उत्तरंही आम्हीच देतो. काकूंनी एकदा माझ्या नोट्सचा गठ्ठा उचलून वजन पाहिलं. "सर, ही गोणी कितीची?" मी लाल झालो. त्यानंतर चार-पाच दिवस मी पोरांना उत्तरं दिली नाहीत, विचार करा म्हटलं. पालकांच्या तक्रारी आल्या, मालकानं बोलावून घेतलं, आणि मी निमूटपणे पुन्हा गोणी फोडली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून वाटी देतात, चमचा देतात, प्लॅस्टिकचा डबा देतात. काकूंनी एका वर्षी पाकिटं दिली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना, कुंकू लावून, तिळगूळ देऊन, भुईमुगाचं एकेक विरजण. यातल्या निम्म्या बायकांच्या घरी कुंडीसुद्धा नव्हती. समोरच्या वहिनींनी घरी जाऊन पाकीट फोडलं, आत काळी पूड दिसली, वास मातकट. त्यांना वाटलं ही नवी मिश्री असावी, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दात घासले. दात म्हणे बरे निघाले. त्यांनी येऊन कौतुकानं विचारलं, "काकू, कुठली हो ही मिश्री? तोंडाला आग होत न्हाई." काकूंनी कपाळाला हात लावला. ती सबंध संक्रांत मी हसत होतो. वहिनींच्या दाढांना आता गाठी येणार, असं मी म्हणालो तर काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "लाखो जीव गेले सर तिच्या चुळीत," त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आणि डोळ्यांत खरंच पाणी होतं हो.

म्हणजे विरजण वाटायला त्यांचा हात असा मोकळा. पण एका माणसाला त्यांनी नाही म्हटलं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

काकूंची धाकटी जाऊ शेताकडच्या गावातच राहायची. तीही विधवा, स्वतः रानात राबणारी, कपाळाला इबिताचे, भस्माचे पट्टे, आवाज खणखणीत. दोघींची रानं शेजारी, मधी फक्त बांध. काकूंचं रान खाली ओढ्याकडं, धाकटीचं वर चढावर. धाकटीनं माळाचा तुकडा नव्यानं भुईमुगाखाली आणला होता आणि पीक पिवळं पडलं होतं. ती एसटीनं लातूरला आली. एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात रिकामी टोपली.

"अक्का, तुमच्या रानातली दोन टोपल्या माती द्या. तुमच्या भुईमुगाच्या मुळ्या बगितल्या, गाठीच गाठी. माझ्या तासात, ओळीओळीनं टाकीन म्हणते."

मला ही मागणी अगदी काकूंच्या तोंडची वाटली. विरजण तर होतं ते. पण काकूंचा चेहरा एकदम बंद झाला. "पाकीट ने. चार ने, पाच ने. माती मिळायची न्हाई. रानातली माती दिली की रानाची बरकत जाते. सासूबाईंनी सांगितलंय."

"पाकीट दुकानात बी मिळतंय अक्का," धाकटी म्हणाली. "मी तुमच्याकडं आलते."

चहा ठेवलेला होता, तो न पिता ती उठली. रिकामी टोपली घेऊन गल्लीतून जाताना दिसली. मला काकूंचा राग आला आणि मी तो बोलून दाखवला. "आलेल्याला विन्मुख पाठवू नये ना?" म्हटलं. "ते विरजणाचं," काकू म्हणाल्या. "माती माझी हाय." बायकोच्या माहेरचा नियम वेगळा आणि सासरचा वेगळा असतो, तसला हा प्रकार.

पुढच्या रविवारी काकू शेतावर गेल्या, तर बांधाला लागून एक खड्डा. बेताचा, दोन टोपल्यांचा. कडेला खोऱ्याच्या धारेचे ताजे वण. काकू तशाच परत आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, चला. शिकलेला माणूस संगं पायजे." मला वाटलं दवाखान्यात जायचंय. गेलो तर पोलीस चौकीत.

जमादार जेवून सुस्त बसले होते. काकूंनी सगळं सांगितलं, खड्ड्याचं माप हातानं दाखवलं, मातीत लाखो जीव होते हेही सांगितलं. जमादारांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं.

"काकू, वाळूची चोरी असंल तर सांगा, लिहून घेतो. मातीची कुठं लिहू? अन् संशय कुणावर?"

"जावंवर."

"मग घरातच हाय की माती," जमादार म्हणाले, आणि आम्हाला पाणी दिलं. काकूंनी ते पाणी प्यायलं नाही. मी प्यायलो.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. लातूरकडं येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, अख्खी गावं रानात जाऊन जेवतात. कडब्याची कोपी घालून पूजा करतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील करतात, आणि वाटंनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात. त्या दिवशी कुणाला न बोलावणं म्हणजे पाप. काकू मला बोलवायच्या, आमच्या क्लासच्या शिपायाला बोलवायच्या, बसच्या कंडक्टरला बोलवायच्या. बांधापलीकडं पाठ करून बसायच्या. पलीकडं धाकटीही पाठ करून बसायची. वर्षामागून वर्षं त्या दोन पाठी एकमेकींकडं बघत राहिल्या.

मग तो पावसाळा आला. मराठवाड्यात पाऊस एरवी येत नाही, आला की हिशोब चुकता करायला आल्यासारखा येतो. मृगातच ओढ्यानं काठ सोडला आणि काकूंच्या रानावरून वाहिला. पाणी उतरल्यावर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काळ्या रानाच्या जागी पांढरा मुरूम, दगडगोटे, कुठं कुणाच्या तरी पाइपाचा तुकडा. वरची सगळी माती गेलेली. धाकटीचं रान चढावर, ते जसंच्या तसं. काकू मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, मूठभर मुरूम उचलला, हातानं चोळला आणि खाली टाकला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे माझं रान न्हाई."

मी तो पाइपाचा तुकडा उचलून कडेला ठेवला.

मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, "आई, विकून टाकू. रस्त्याला लागून आहे, प्लॉट पडतील." काकू म्हणाल्या, पिकवून दाखवते. त्यानं मुदत दिली, येत्या उन्हाळी हंगामापर्यंत. तोवर रानानं काही दिलं नाही तर सही करायची. काकूंनी हो म्हटलं आणि रातोरात म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

त्यांनी तलावातला गाळ आणून टाकला, शेणखत टाकलं. खरिपात वरच्या कप्प्यातली सगळी पाकिटं काढून, गुळाच्या पाण्यात कालवून, मांडवाच्या सावलीत बियाणं सुकवून पेरणी केली. उगवण चांगली झाली, मग पानं पिवळी पडली. काकूंनी एक झाड उपटलं, ब्लेड काढलं. एरवी त्या गाठ कापून सगळ्यांना दाखवायच्या. आतून लालसर निघाली की गाठ कामाची. "बगा, रगत हाय," असं म्हणून लग्नाच्या पंगतीतसुद्धा दाखवायच्या. या वेळी कापायला काही नव्हतं. मुळ्या नुसत्या, पांढऱ्या, सुतळीसारख्या. ब्लेड तसंच पिशवीत गेलं.

कृषी सहायक भला पोरगा होता. म्हणाला, "मुरूम तापतोय हो काकू, ओलावा धरत नाही. पाकिटातले जंतू तगले नसतील. खत वाढवा, पाकिटं पुन्हा वापरा. आणि जुना उपाय म्हणजे, जिथं भुईमूग चांगला येतोय त्या शेजारच्या रानातली चार टोपल्या माती आणून तासात टाका. घरगुती विरजणच ते."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, शेजारचं रान कुणाचं! काकूंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्या उन्हाळ्यात भुईमूग कसा आला ते आधीच सांगून टाकतो, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. आला. मुलगा प्लॉटचं बोलायचा थांबला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या येळवसेचं.

उजाड रानात काकूंनी कोपी घातलीच. मला म्हणाल्या, "सर, पलीकडं जावा आणि म्हणा, आंबील प्यायला या. मी बोलावलं म्हणून सांगू नका."

"मग कुणी बोलावलं म्हणून सांगू?"

"आंबिलानं."

मी बांध ओलांडला. धाकटीकडं पंगत बसली होती. मी निरोप दिला तशी तिनं वाढता वाढता विचारलं, "अक्का म्हणल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "आंबील म्हणालं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझं शिक्षण आठवलं. ती आली नाही. दुपार गेली, आमची पंगत उठली, कंडक्टर ढेकर देऊन गेले. काकू मात्र आंबिलाचं मडकं झाकून तशाच बसून होत्या. कुणी आणखी मागितलं तर म्हणायच्या, संपलं. मडकं अर्धं भरलेलं होतं, मी पाहिलं होतं.

दिवस मावळला. रानारानात कडब्याच्या पेंढ्या पेटल्या, माणसं त्या घेऊन बांधानं फिरू लागली. मी बसची वेळ झाली म्हणून चुळबुळ करत होतो. तेवढ्यात बांधावर धाकटी दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. जवळ येऊन उभी राहिली, पण टोपली उतरवली नाही.

"अक्का, माती हाय. तुमचीच हाय," ती म्हणाली. "तवा खड्डा मीच खांदलता. माझ्या रानात टाकली, तिथं वाढली. तुमची समदी व्हावून गेली, माझ्याकडं तेवढी राहिली."

मी काकूंकडं पाहिलं. ज्या चोरीसाठी मला चौकीत बसवलं, तिची कबुली समोर उभी होती. काकू त्या ओल्या फडक्याकडं बघत उठल्या. मग म्हणाल्या, "त्या मेल्या जमादारानं लिहून न्हाई घेतलं ते बरं झालं बाई." आणि त्यांना हुंदका आला. पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. धाकटीचेही डोळे वाहत होते, पण हात टोपलीला होते, पुसणार कसे?

मग काकूंनी नाक पुसलं, आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पण आता न्हाई घेत. दिवे लागले."

माझं डोकंच फिरलं. "अहो काकू! इतक्या वर्षांनी बाई दारात आल्या, आणि तुम्ही—"

"सर, तुमी मधी पडू नका. विरजण हाय ते."

धाकटीनं विचारलं, "मग कवा घेता?"

"सकाळी. आंघोळ करून."

"सकाळी तुमी लातूरला आसता."

काकूंनी पायाखालचा एक खडा उचलून उगीचच बांधावर ठेवला. धाकटीच्या घराची पायरी त्यांनी टोपलीच्या भांडणापासून चढलेली नव्हती. "तुझ्याकडं," त्या खाली बघूनच म्हणाल्या, "एखादं जादाचं आंथरूण हाय का गं?"

धाकटीनं आता टोपली उतरवली. "हाय की. सासूबाईंची वाकळ हाय." आणि मग इकडंतिकडं बघून, "आंबील राहिलं न्हाई व्हय?"

"राहिलंय थोडं," काकू म्हणाल्या, आणि मडक्यावरचं झाकण काढलं.

मला बस गाठायची होती. मी चपला घालून निघालो. दोघी खाली बसल्या होत्या, मधी टोपली, आणि बोलणं सुरूही झालं होतं, मुरमाचं, गाळाचं, कुणाच्या तरी लग्नाचं. बांधापर्यंत पोचलो तशी मागून काकूंची हाक आली.

"सर! वरचा कप्पा रिकामा हाय. तुमचं दही ठिवा तिथं." आणि मी खूश होऊन मान हलवली तोच, "आजच्या रातीपुरतं हां! सकाळी मी येतेय."